पट्टी वाळली की पिवळी

"मेस्त्री, तुमची आमटी आंबलीय," उर्सुला म्हणाली आणि हरेश्वरचा घास तोंडाशीच थांबला. पाचूबंदरच्या बर्फाच्या कारखान्यात, यंत्रखोलीच्या दाराबाहेर एक लाकडी फळी होती. रोज दुपारी त्या फळीवर बसून तो डबा खात असे. समोरून धक्क्यावरच्या बायका पाट्यांसाठी बर्फ न्यायला येत. उर्सुला त्यांतली सगळ्यांत जुनी, त्याच्याच वयाची, आणि बोलायला सगळ्यांत मोकळी. "मला आंबटच आवडते," तो म्हणाला. "आंबट येगळी नि आंबलेली येगळी. मला हितं उभी ऱ्हाऊन वास येतोय. तुमाला नाय येत?" टाकीच्या खोलीतून बर्फाची लादी आकड्याने ओढत आणणारा फ्रान्सिस हसला. "मावशे, कोनाला सांगतेस? नळी फुटायच्या आधी मेस्त्रीला वास येतो. अख्ख्या बंदराला ठावं हाय त्यांचा नाक." उर्सुलाने पाटी डोक्यावर चढवली. "मंग आज नाक घरी खुंटीला लावून आलेत." सगळे हसले. हरेश्वरही हसला आणि त्या सगळ्यांच्या देखत त्याने ती आमटी शेवटच्या थेंबापर्यंत भातात कालवून खाल्ली. जिभेला आंबट लागत होतं, ते पहिल्या घासालाच कळलं होतं. चिंच जास्त पडली असेल, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. वास असा काही नव्हताच. वाटी धुताना त्याने ती नाकाशी नेली. वाटी ओली आणि गार होती, बस्स.

तो आत गेला आणि दार लोटून स्टुलावर बसला. इंजिन नेहमीसारखं फुकफुकत होतं, पट्टा फिरत होता आणि त्या पट्ट्याच्या जोरावर कॉम्प्रेसरचा दांडा मागेपुढे होत होता. बावीस वर्षं हा आवाज त्याने ऐकला होता. आधी मुंबईच्या कारखान्यात, मग इथे. मुंबईला त्याला रॉबर्टमेस्त्रींनी शिकवलं. ते लहान मुलाला सांगावं तसं सांगत आणि पुन्हापुन्हा सांगताना कंटाळत नसत. बर्फ करायचा म्हणजे काय, तर पाण्यातली ऊब काढून न्यायची. ती कोण नेणार? अमोनिया. तो नळ्यांतून मिठाच्या पाण्याच्या टाकीत जातो, तिथली ऊब पोटात घेतो आणि इकडे येऊन बाहेर टाकतो. मग आपण त्याला दाबून पुन्हा कामाला धाडतो. हमालच तो, फक्त दिसत नाही. "पण हा हमाल सुटला तर?" रॉबर्टमेस्त्री विचारत आणि उत्तरही आपणच देत. "डोळे नेतो, छाती नेतो, जास्त झाला तर जीवच नेतो. तरी गडी सज्जन आहे बरं का. आधी हाक मारतो. एवढासा सुटला तरी नाकाला कळतं. हाक आली की उठायचं. विचार करत बसायचं नाही." हरेश्वरने ती हाक कितीदा ऐकली होती. झोपेत उशाशी कोणी चुना मळावा तसा तो तिखट, ओला वास. कुठल्या सांध्यातून येतो तेही तो डोळे मिटून सांगे. आता तो स्टुलावरून उठला आणि एकेका सांध्याशी नाक नेऊन उभा राहिला. मग तेलाच्या डब्याशी. मग रॉकेलच्या चिंध्यांशी. शेवटी त्याने काडी ओढली आणि विझवून तिचा धूर नाकाखाली धरला. धूर नाकात शिरला, टोचला, आणि टोचून संपला. त्याला वास नव्हता. धक्क्यावर या दिवसांत बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत असतात आणि परका माणूस नाकाला रुमाल लावल्याशिवाय तिथून जात नाही. तो रोज सकाळी त्यातून सायकल चालवत येत होता. बोंबलांचा वास शेवटचा केव्हा आला होता? त्याला आठवेना. गेल्या गणपतीतली सर्दी आठवली. त्या सर्दीनंतरचं काहीच आठवेना.

नंदाखालला घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. वाडीत केळीची पानं फडफडत होती, शेजारच्या अंगणात कोणी पाणी तापवत होतं आणि त्याचा धूर नुसताच दिसत होता. घर उघडून तो सरळ अनसूयेच्या ट्रंकेशी गेला. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. ट्रंकेत तिची तीन लुगडी, त्यांच्या घड्यांत बकुळीची वाळकी फुलं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तो ट्रंक उघडत असे. लुगड्याला हात लावत नसे. नुसतं झाकण उघडायचं, दोन श्वास घ्यायचे आणि बंद करायचं, इतकं त्याला पुरत असे. गेल्या खेपेला उघडली तेव्हा त्याला वाटलं होतं, बकुळीचा वास उडून गेला, एवढी वर्षं कुठे टिकणार. त्याने फुलांना दोष दिला होता. आज त्याने पहिल्यांदाच एक लुगडं बाहेर काढून तोंडाशी धरलं. कापड खरखरीत लागलं. ती जिवंत असताना सकाळी परडी घेऊन वाडीत जाई, आणि तो मागोमाग जाऊन परडीतलं चाफ्याचं फूल उचलून हुंगत असे. "अहो! हुंगलेलं देवाला चालत नाही, किती वेळा सांगायचं?" असं म्हणून ते फूल ती बाजूला काढी आणि मग त्यालाच देई. पुढेपुढे ती एक फूल आधीच वेगळं तोडून ओट्यावर ठेवू लागली. देवाचं परडीत आणि त्याचं ओट्यावर. आता त्याने सगळी वाडी हुंगली असती तरी एकही फूल बाटलं नसतं. हा विचार त्याला ओट्यावर बसल्याबसल्या आला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. कधीही, काही कारण नसताना डोळे भरत. दिवा लावावा असं वाटलं तरी तो बराच वेळ उठला नाही.

सांगायला हवं होतं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गेल्या वर्षी कारखान्यांचे सरकारी तपासनीस आले होते. त्यांनी तीन गोष्टी लिहून दिल्या. तोंडावर चढवायचा मुखवटा खोलीच्या बाहेर दाराशी टांगा, कारण गॅस सुटल्यावर तो आणायला आत जाता येत नाही. दोन्ही दारं बाहेरच्या बाजूला उघडू द्या. आणि दर पाळीला गंधकाची काडी पेटवून सगळे सांधे तपासा. जिथे अमोनिया सुटत असेल तिथे काडीचा धूर पांढरा दाट होतो. दारं झाली. मुखवटा पंधरा दिवस बाहेर राहिला आणि खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पितळेला हिरवं चढू लागलं म्हणून मॅनेजर दिनानाथांनी तो पुन्हा आत कपाटात ठेवायला लावला. काड्यांची पेटी आली, ती फोडलीच नाही. दिनानाथ आल्यागेल्याला सांगत, "गंधक कशाला? आमच्याकडे हरेश्वररावांचं नाक आहे." आणि ते ऐकताना हरेश्वर मान खाली घालून हसत असे. तपासणीच्या वहीत पाळीपाळीला तो बरोबरची खूण करी. नाकाच्या भरवशावर. आता नाक गेलं असं सांगितलं की यंत्रखोलीतलं काम गेलं. मग सकाळी उठून कुठे जायचं? मुलगी मंदा मुंबईहून लिहीत असे, बाबा आता पुरे, इकडे या. पण तिच्या दोन खोल्यांत सात माणसं होती आणि पत्रातलं ते वाक्य दर वेळी शेवटी, घाईने लिहिलेलं असे. नंदाखालच्या घरात दिवसभर कोणी बोलत नव्हतं. इंजिन निदान फुकफुकत तरी होतं. फ्रान्सिस काहीतरी बडबडे, उर्सुला टोमणे मारी. त्याने पेटी फोडून गंधकाच्या काड्या वापरायचं मनात आणलं, पण गंधक जळलं की साऱ्या कारखान्यात खोकला उठतो. "आज काडी कशाला, मेस्त्री? नाकाला काय झालं?" हा प्रश्न त्याला आताच ऐकू येत होता.

हळदीची आठवण त्याला आंघोळ करताना झाली. मंदा सहा-सात वर्षांची असताना कोणाच्या तरी लग्नात तिच्या झग्यावर हळद सांडली होती. अनसूयेने साबण लावला आणि डाग रक्तासारखा लाल झाला. पोर घाबरून रडू लागली. त्याने तिला मांडीवर घेऊन समजावलं होतं. रक्त नाही गं, हळदीला साबण भेटला की ती लाजते. बघ, आता पाण्याने धुऊ. बघ, झाली की नाही पिवळी? मग दुपारभर बापलेकीने साबण, पापडखार, चुना, राख, जे मिळेल ते हळदीला लावून बघितलं होतं. कशाने लाजते, कशाने नाही. चिंचेने लाजत नाही, मिठाने नाही. अमोनिया साबणाच्याच जातीचा, हे रॉबर्टमेस्त्रींनी सांगितलेलं त्याला पक्कं आठवत होतं. आंघोळ उरकून त्याने अनसूयेच्या बरणीतली हळद पाण्यात कालवली, जुनं धोतर फाडून पट्ट्या केल्या, भिजवल्या, आणि कारखान्यात नेऊन एकेका सांध्यावर एकेक बांधली. अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी एक धरून पाहिली. पिवळी पट्टी पाहतापाहता तांबडीलाल झाली. वाऱ्यावर धरली तर वाळतावाळता पुन्हा पिवळी. मंदा असती तर टाळ्या पिटल्या असत्या, असं वाटून तो एकटाच हसला. एक मात्र होतं, पट्टी ओली असली तरच बोले. म्हणून तो तासातासाला तांब्या घेऊन फिरू लागला आणि एकेकीवर पाणी शिंपडू लागला. "मेस्त्री, कोनाची हळद हाय?" फ्रान्सिसने दारातून विचारलं. "कॉम्प्रेसरचं लग्न आहे," हरेश्वर म्हणाला. "नवरी कोन?" "तुझी बर्फाची टाकी." "मंग सासूरवास लय थंड हाय," फ्रान्सिस म्हणाला आणि हसत निघून गेला. फ्रान्सिसला पट्ट्यांचं कारण तेव्हाच सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

असे अकरा दिवस गेले. पट्ट्या पिवळ्या राहिल्या. नवव्या-दहाव्या दिवसापासून हरेश्वरला वाटू लागलं की हे असंच निभेल. डोळ्यांनी हुंगणारा माणूस म्हणून आपण आणखी पाच-सहा वर्षं काढू, कोणाला कळायचं नाही. बाराव्या दिवशी दुपारी जेवून तो स्टुलावर बसला होता. फ्रान्सिस शेजारच्या टाकीच्या खोलीत, टाकीत बुडवलेल्या बर्फाच्या डब्यांवरच्या लाकडी झाकणांवर गोणपाट टाकून पडला होता. रोज दुपारी तो अर्धा तास तिथे पडे. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं. हरेश्वर दाबाच्या घड्याळाकडे बघत होता, पण त्याला दिसत होता नंदाखालचा ओटा आणि त्यावर वेगळं ठेवलेलं फूल. शेवटच्या आजारातही अनसूयेने शेजारच्या मुलीकडून ते फूल तोडून घेतलं होतं आणि ओट्यावर ठेवायला लावलं होतं. आपण त्या दिवशी ते उचललं का? की घाईत तसंच सोडून कामावर आलो? त्याचे डोळे भरून आले. गालांवरून पाणी ओघळू लागलं, ते त्याने पुसलं नाही. इथे बघायला कोण होतं. घसा दाटला. रडणं आज जरा जास्तच येतंय असं त्याला वाटलं, आणि त्यात एक प्रकारचं बरंही वाटलं, की अजून एवढं येतं, अजून ती इतकी जवळ आहे. त्याने तसाच, पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी, कॉम्प्रेसरकडे पाहिलं. दांडा जिथून आत-बाहेर होतो तिथली पट्टी लाल होती. त्याच्या वरची लाल होती. खिडकीखालचीही लाल होती.

त्याच्या हातांना सगळं ठाऊक होतं. इंजिन बंद केलं, आधी एक झडप बंद केली, मग दुसरी, खिडकीचं दार ढकललं. कपाटातला मुखवटा काढायला वेळ नव्हता; तोंडाला ओला पंचा लावून तो टाकीच्या खोलीत शिरला. फ्रान्सिस झोपला नव्हता. तो झाकणांवर उठून बसला होता, डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी सदऱ्याचं टोक तोंडाशी धरून खोकत होता. गॅस हलका, वर चढतो. आणि तो वरच बसला होता. हरेश्वरने त्याला काखेत धरून ओढत, अर्धा उचलत बाहेर नेलं, मागच्या दाराने, वाऱ्याच्या बाजूला, आणि पाण्याच्या पिंपाशी त्याचं डोकं धरून डोळ्यांत पाणी मारलं. पुन्हा मारलं. पुन्हा मारलं. "उघड. डोळे उघड. दिसतंय का? मी दिसतोय का?" "दिसताव," फ्रान्सिस म्हणाला. मग ओकला. धक्क्यावरची माणसं जमली. उर्सुला पाटी टाकून धावत आली. "अरे पन तू उठून बाहेर का नाय आलास मेल्या?" ती फ्रान्सिसच्या पाठीवर थापटत ओरडली. फ्रान्सिसने तांबारलेले डोळे पुसले. "वास तं कवाचा येत होता मावशे. पयल्यापासून. मला वाटला, मेस्त्री आत बसलेत, त्यांना आला नसंल का? काय असता तं त्यांनी हाक मारली असती. म्हनून पडून ऱ्हायलो."

हरेश्वर पिंपाला टेकून उभा होता. पिंपातलं पाणी अजून हलत होतं. त्याला वाटलं होतं, आपलं नाक गेलं म्हणजे एका माणसाचं नाक गेलं. फ्रान्सिसचं नाक धडधाकट होतं, आणि तरी तो बसून राहिला होता. किती वर्षं ही सगळी माणसं अशी बसून राहत आली असतील, वास आला तरी, मेस्त्रींनी हाक मारली नाही म्हणून? आणि आपण मान खाली घालून हसत होतो.

दिनानाथ सायकलवरून घामाघूम होऊन आले तोवर खोलीत वारा खेळला होता. आत जाऊन सगळं बघून ते बाहेर आले. त्यांच्या हातात दांड्याशेजारची पट्टी होती. "ही कसली चिंधी, हरेश्वरराव?" पट्टी वाळली होती. ती पिवळी होती. कोणाच्या लग्नातली असावी तशी, साधी पिवळी. तिच्यावर कसलीही खूण उरली नव्हती. फ्रान्सिस घोगऱ्या आवाजात सांगत होता, मेस्त्रींनी काढला मला, नायतर गेलो होतो. दिनानाथांनी हरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमलेल्या माणसांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? म्हणतो ते उगीच नाही. नाक आहे म्हणून आज—" हरेश्वरला कळत होतं की आता नुसतं गप्प राहायचं आहे. कोणी काही विचारणार नाही. पट्टीसुद्धा काही सांगणार नाही. दांड्याभोवतीची, गळती रोखणारी दोरी बदलायची, नट आवळायचे, उद्या सकाळी इंजिन पुन्हा फुकफुकेल आणि तो स्टुलावर बसेल.

"साहेब, नाक गेलंय," तो म्हणाला.

"काय?"

"मला वास येत नाही. गणपतीपासून. ह्या चिंध्या त्यासाठी बांधल्यात. आजही उशिरा कळलं. त्याला कळलं होतं माझ्या आधी." त्याने फ्रान्सिसकडे बोट केलं. दिनानाथ हसले. "तुम्ही घाबरलाय. जरा बसा, पाणी घ्या." "येत नाही म्हणतोय ना," हरेश्वर म्हणाला, आणि आवाज चढला याचं त्यालाच नवल वाटलं. उर्सुला पुढे आली. "खरा सांगतेत ते. तुमी नव्हताव. आंबून वास मारनारी आमटी खाल्ली यांनी माझ्या म्होरं. मी मस्करी केली." ती हरेश्वरकडे बघत नव्हती. "मस्करी नव्हती करायची," ती हळूच म्हणाली.

काम सोडण्याआधी त्याला एक महिना मिळाला. दिनानाथ त्याच्याशी फारसं बोलत नसत. पण मुखवटा कपाटातून निघाला आणि दाराबाहेर खिळ्याला लागला. त्याच्या पितळेला आठवड्यातून एकदा खोबरेल लावायचं, हे हरेश्वरने ठरवून दिलं. गंधकाची पेटी फोडली. फ्रान्सिसला त्याने रॉबर्टमेस्त्रींच्या क्रमाने शिकवलं, ऊब म्हणजे काय इथपासून. फ्रान्सिस काडी पेटवून एकेका सांध्याशी नेई, खोकत, डोळे बारीक करून, आणि हरेश्वर मागे उभा राहून धुराचा रंग बघे. "पांढरा झाला?" "नाय." "नीट बघ. घाई नको. वासाचं काय?" "गंधकाचाच येतो." "आणि काडी नसताना?" फ्रान्सिस थांबून हुंगे. "तेल. खारा पानी. गोनपाट." हरेश्वर मान डोलावत असे. तेल, खारं पाणी, गोणपाट. तो ते शब्द मनात एकामागून एक ठेवत जाई. "आणि ध्यानात ठेव," तो शेवटी दर वेळी म्हणे, "वास आला की उठायचं. मी बसलोय का बघायचं नाही. कोणीही बसलेलं असो." "हो मेस्त्री, शंभरदा सांगितलाव." "एकशे एक."

शेवटच्या दिवशी त्याने हळदीच्या पट्ट्या सोडल्या नाहीत. फ्रान्सिस म्हणाला, राहू द्यात, मला आवडतात. दुपारी तो फळीवर जाऊन बसला. ऊन धक्क्यावरच्या बोंबलांवर पडलं होतं, आणि बोंबील नुसते हलत होते. उर्सुला पाट्या भरून घेत होती. त्याने डबा उघडला. सकाळी केलेली आमटी आणि भात. त्याने वाटी थोडा वेळ हातात धरली आणि मग तिच्यासमोर केली. उर्सुलाने हात मागे घेतले, लुगड्याला पुसले, तरी पुढे आणले नाहीत. "मासलीचे हात हायत मेस्त्री. तुमच्या अन्नाला माझा नाक कशाला? तुमच्यात चालत नसंल." "बघ तर," तो म्हणाला. तेव्हा तिने हात न लावता, वाकून, त्याच्या हातातल्या वाटीवर तोंड आणलं, आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. बराच वेळ घेतला.

"खावा," ती म्हणाली. "ताजी हाय. कोकम घातलाव ना?"

तो मान हलवून जेवू लागला. हुंगलेलं देवाला चालत नसे. त्याला चाललं.